आक्कांचा गोल्फ

अख्ख्या परतूरमध्ये गोल्फ खेळणारी एकच बाई होती. तिला जाऊन आज वर्ष झालं.

आक्का. माझी मोठी जाऊ. ओंकार आणि श्रावणीची आई.

हसू नका. मैदानावरचा गोल्फ नाही हो, व्हिडिओ गेम.

ओंकार इंजिनिअरिंगला पुण्याला गेला, तेव्हा त्याचा जुना गेम घरी टाकून गेला. डबीसारखा उघडायचा, दोन स्क्रीनवाला. खालच्या स्क्रीनवर प्लास्टिकची काडी ओढायची, की टोपीवाली पोरगी बॉल मारायची.

आता खरं सांगते. आमच्या घरात पाळी पाळतात. एकदम कडक.

मागच्या बाजूला एक खोली आहे. पाळी आली की चार दिवस तिथं बसायचं. चटई वेगळी, तांब्या वेगळा, ताट वेगळं. घरात वायफाय आहे, इन्व्हर्टर आहे, आरओ आहे. आणि ती खोली पण आहे.

खिडकी एकच, ती पण शेजारच्यांच्या भिंतीवर उघडते.

लग्नानंतर मी पहिल्यांदा तिथं बसले, तेव्हा दुपारपर्यंत रडकुंडीला आले. बी.एड. झालेली बाई मी, समोरच्या विटा बघत बसले होते.

दाराबाहेरून आक्कांचा आवाज आला. "कोनाड्यात डबी हाय बघ. खेळ. तेवढाच जीव रमतो."

तो गेम खोलीत ठेवायला सासूबाई आधी तयार नव्हत्या. आक्कांनी त्यांच्याशी वाद घातला होता म्हणे. "मी हात कुठं लावून राह्यले? काडीनं खेळून राह्यले."

सासूबाई म्हणल्या, "धरला तर हातातच ना?"

शेवटी असं ठरलं की गेम खोलीतच राहील, घरात यायचा नाही. म्हणजे बाजूला बसलं तरच खेळायला मिळायचं.

कधी आमच्या दोघींच्या तारखा एकत्र आल्या, की सासूबाई तणतणत स्वयंपाक करायच्या आणि आम्ही आत गोल्फ खेळायचो. आवाज बंद करून.

"आक्का, वारा उजवीकडून हाय."

"दिसून राह्यलं मला. गप जरा."

बॉल पाण्यात.

"गेला का न्हाई! तू बोललीस म्हणूनच गेला!"

त्या होलला गल म्हणायच्या, गोट्या खेळताना म्हणतात तशी. बॉल गलीत गेला, की पदर तोंडात धरून हसायच्या.

एकदा मारायचं सोडून नुसत्याच स्क्रीनकडं बघत बसल्या. म्हणल्या, "केवढं मोकळं रान हाय गं हिला. अन् कोणी हाक पण मारत न्हाई."

मंग त्यांचे दिवस लांबायला लागले. चाराचे आठ झाले. थोडे दिवस बाहेर, की परत आत.

आणि आमच्या घरानं काय अर्थ काढावा? आक्कांना गेमचा नाद लागलाय!

सासूबाई म्हणायच्या, "काम नको, म्हणून बसती." भाऊजी, म्हणजे आक्कांचे मिस्टर, जेवताना म्हणाले, "मॅच संपली की येईल." सगळे हसले. मला त्या घासाची किळस आली.

मी आक्कांना म्हणलं, "हे बराबर न्हाई आक्का. जालन्याला दाखवून येऊ."

"या वयात असंच असतं गं. जाईल बंद होऊन."

रामनवमीला सगळे जांबला रामाच्या दर्शनाला गेले. आक्का आत होत्या, म्हणून त्यांना वाढायला मी मागं राहिले. मी खोलीचं दार सताड उघडलं.

"आक्का, घरात कुत्रं न्हाई. या, अंगणात बसू."

उंबऱ्यापर्यंत आल्या. थांबल्या.

"नको. एकदा सवय मोडली की परत आत बसवत न्हाई."

उजेडात त्यांचा चेहरा दिसला. पांढराफटक. भिंत धरून परत चटईवर गेल्या.

संध्याकाळी सगळे आले, तसं मी भाऊजींना तोंडावर सांगितलं. यांना दवाखान्यात न्या.

ते म्हणाले, "औषध माझ्याकडं हाय." आणि गेम काढून घेतला.

विटाळ म्हणून जो गेम घरात चालत नव्हता, तो गोमूत्र शिंपडून कपाटात ठेवला. वर कुलूप.

"बघा आता कशी जल्दी बाहेर येते."

एक दिवस गेला. दोन गेले. अजून गेले.

आक्का बाहेर आल्या नाहीत.

मंग भाऊजी खोलीच्या दारात गेले. पाय आत टाकायला तेव्हाही बिचकून राह्यले होते. बाहेरूनच विचारलं, "खरंच होऊन राह्यलं का तुला?"

"हो ना," आक्का म्हणल्या. रागावल्या पण नाहीत.

आधी जालना, मंग संभाजीनगर. गर्भाशयाचा कॅन्सर, पसरलेला. डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस काय करत होतात? काय सांगणार, गोल्फ खेळून राह्यल्या होत्या म्हणून?

त्या वर्षीची दिवाळी आक्कांनी बघितली नाही.

गेल्या महिन्यात श्रावणीला पहिल्यांदा पाळी आली. सासूबाईंनी खोली झाडून घेतली, चटई टाकली. आई जिथं खंगत गेली, त्याच खोलीत पोरीला बसवायला निघाल्या. मी श्रावणीचा हात धरला आणि तिला माझ्या पलंगावर झोपवलं. तेव्हापासून घरात माझ्याशी कोणी धड बोलत नाही.

नाही तर नाही. आज दुपारी आक्कांच्या वर्षश्राद्धाला आमच्याकडं जेवून गेलेल्या सगळ्या पाहुण्यांना एक सांगायचं राहिलं, ते इथं लिहिते.

मला आज पहाटेच पाळी आली. खीर, वडे, कढी, सगळा स्वयंपाक मीच केला. आक्कांच्या फोटोपुढचं ताट पण मीच वाढलं. खीर तुम्ही मागून मागून घेतली.

ज्यांना अंघोळ करायची असेल, त्यांनी करून घ्या.

आक्का, श्रावणी त्या खोलीत बसणार नाही. मी या घरात आहे तोवर तरी नाही.

मनापासून श्रद्धांजली तुम्हाला.
तुमची धाकटी जाऊ.