कारणाचा रकाना

ती घटना आठवली की आधी त्या माणसाचे हात डोळ्यांसमोर येतात. स्टिअरिंगवर ठेवलेले, बोटं पसरलेली, खिडकीतून मला स्पष्ट दिसतील असे. मी त्याच्या गाडीपाशी पोहोचण्याआधीच ते तिथे होते. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी असंख्य गाड्या थांबवल्या, पण इतके स्थिर आणि इतके घाबरलेले हात दुसरे पाहिले नाहीत.

मी मूळचा नागपूरचा. चौदाव्या वर्षी डॉक्टर वडिलांबरोबर अमेरिकेत आलो आणि पुढे ओळखीतल्या सगळ्यांना धक्का देऊन पोलिसात गेलो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कोणी ना कोणी म्हणायचंच, "डॉक्टरांचा मुलगा, आणि हवालदार?" दोन हजार तीन-चारच्या सुमारास मी उत्तर कॅरोलिनातल्या एका उपनगरात तपास पथकात होतो. नावं कोणाचीच देत नाही. त्यातली काही माणसं अजून त्याच गल्ल्यांत राहतात.

त्या हिवाळ्यात एकाच वसाहतीत लागोपाठ घरफोड्या झाल्या. वसाहतीत निम्म्याहून अधिक घरं आपल्या लोकांची, बहुतेक सगळे आयटीतले. पहिली चोरी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या शनिवारी झाली, दुसरी मंडळाच्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या शनिवारी. दोन्ही वेळा मागच्या दाराची काच फोडलेली. टीव्हीला, लॅपटॉपला हात लावलेला नाही. फक्त सोनं गेलेलं.

आपल्याकडची पद्धत माझ्या अमेरिकन सहकाऱ्यांना ठाऊक नव्हती, मला होती. कार्यक्रम शनिवारी असला की बायका शुक्रवारीच बँकेच्या लॉकरमधून अख्खा डबा घरी आणतात. घालायचं ते घालतात, उरलेलं कपाटात ठेवतात आणि सोमवारी परत नेतात. म्हणजे चोराला ते दोन दिवस माहीत होते. हा विचार माझ्या मनात पहिल्याच दिवशी आला होता. तो मी पुढे नेला असता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

दुसऱ्या चोरीनंतर मला घरी फोन आला. मंडळाचे एक ज्येष्ठ काका होते.

"तू घरचा माणूस म्हणून सांगतो," काका आवाज खाली आणून म्हणाले. "दर शनिवारी दुपारी एक काळा माणूस आमच्या गल्लीत गाडी लावून बसतो. उतरत नाही. नुसता बसतो आणि वहीत काहीतरी लिहितो."

"काय लिहितो?"

"अरे, कोण केव्हा बाहेर पडतं ते लिहीत असणार! अजून काय लिहिणार?"

मला ते पटलं. इतक्या सहज पटलं, याची लाज आज वाटते. त्या काळात विमानतळावर मलाही माझ्या रंगावरून रांगेतून बाजूला काढायचे. खिशातला बिल्ला दाखवला की सॉरी म्हणून सोडायचे. बिल्ला नसलेल्या माणसाचं काय होत असेल, हा प्रश्न मला पडला नव्हता.

पुढच्या शनिवारी मी त्याला गल्लीच्या तोंडाशी थांबवलं. चाळिशीचा, इस्त्री केलेला शर्ट, गळ्यात ओळखपत्र. घरी जाऊन व्यायाम करून घेणारा फिजिओथेरपिस्ट होता तो.

"ऑफिसर, लायसन्स मागच्या खिशात आहे. मी आता उजवा हात तिकडे नेतोय," तो म्हणाला.

"इथे काय काम?"

"पेशंट आहे. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या आजी. डावीकडचं चौथं घर."

"मग गाडीत बसून का राहतोस?"

"मी लवकर पोहोचतो. वेळेआधी अशा गल्लीत पायी फिरणं मला सोयीचं नसतं."

त्या चौथ्या घराची बेल मी वाजवली नाही. वाजवली असती तर दोन मिनिटांत खात्री झाली असती. वीस मिनिटं त्याला ताटकळत ठेवून मी सोडून दिलं.

त्यानंतरच्या शनिवारी मंडळाचं वार्षिक नाटक होतं. वसाहत रिकामी होणार म्हणून मी साध्या गाडीतून पाळत ठेवली आणि तो निघताना त्याला पुन्हा अडवलं. या वेळी डिकी उघडायला लावली. आत रबरी पट्टे, वाळूची छोटी वजनं, एक घडीचा वॉकर. मी एकेक वस्तू रस्त्यावर मांडली. समोरच्या घरातून एक बाई पडदा सरकवून बघत होत्या. त्याने त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. सगळं सामान त्याने स्वतःच परत भरलं.

संध्याकाळी सातला फोन आला. नाटकाहून परतलेल्या एका कुटुंबाचं घर फुटलं होतं. तिसरी चोरी.

डिकी मी स्वतः तपासली होती, तिच्यात सोनं नव्हतं. तरी माझं डोकं काय म्हणालं? आधी चोरी केली असेल, माल दुसऱ्याकडे दिला असेल. माणसाला एकदा चोर ठरवलं की सोनं नसलेली डिकीसुद्धा त्याच्याच विरुद्ध पुरावा होते.

सोमवारी सार्जंट म्हणाले, "तुझी माणसं मेयरपर्यंत गेली आहेत. बोलाव त्याला." मी त्याला जबाबासाठी बोलावलं आणि तो काम करायचा त्या संस्थेलाही फोन करून चौकशी केली. त्या एका फोनमुळे संस्थेने त्याला घरी बसवलं. आरोप सिद्ध झाला असता तर त्याचा व्यवसायाचा परवानाच गेला असता.

तो अर्धा तास आधी आला. टाय लावून.

"खिशात हात घालतोय," खुर्चीत बसताना तो म्हणाला. "वही आहे. तुम्हाला तीच हवी असणार."

ती वही मी टेबलावर उघडली. आखलेले रकाने होते. तारीख, वेळ, रस्ता, शेजारी उभ्या असलेल्या गाड्या आणि त्यांचे नंबर. शेवटचा रकाना कारणाचा.

"दुसऱ्यांच्या गाड्यांचे नंबर कशासाठी?"

"एखाद्या गाडीवर ओरखडा उठला, तर माझ्याकडे बोट दाखवलं जातं. मी आलो तेव्हा तिथे काय होतं, ते लिहून ठेवतो. माझे वडीलही लिहायचे."

"मुलं आहेत तुम्हाला? तीही लिहितात?"

"मुलगा सोळाचा झाला तेव्हा गाडीच्या किल्लीबरोबर त्याला वही दिली."

माझे दोन्ही प्रसंग त्या वहीत होते. माझा बिल्ला क्रमांक, थांबवल्याची वेळ, सोडल्याची वेळ. कारणाच्या रकान्यात दोन्ही वेळा एकच नोंद: "सांगितलं नाही."

दुसऱ्या नोंदीतली वेळ वाचून मी थबकलो. चार दहा ते चार बेचाळीस. सकाळीच माझ्या फायलीत शेजाऱ्याचा जबाब आला होता. काच फुटल्याचा आवाज चार वीसला, कुत्रा भुंकला म्हणून त्याने घड्याळ पाहिलेलं. माझ्या आठवणीप्रमाणे मी गाडी पाचच्या सुमारास थांबवली होती. माझ्या आठवणीला आधार नव्हता, कारण ती नोंद मी केलीच नव्हती. नियमाने करायला हवी होती. पण नोंदीत कारण लिहावं लागतं, आणि माझ्याकडे ते नव्हतं.

म्हणजे काच फुटत होती तेव्हा मी दोन गल्ल्या पलीकडे त्याचे रबरी पट्टे रस्त्यावर मांडत होतो. त्याचा साक्षीदार मीच होतो.

चोरीच्या तिन्ही शनिवारच्या नोंदी मी शेजारी शेजारी ठेवल्या. एक गाडी तिन्हींत होती. पांढरी व्हॅन, मागचा डावा दिवा फुटलेला, घरांच्या मागून जाणाऱ्या पायवाटेजवळ उभी. एका नोंदीपुढे त्याने लिहिलं होतं: "माणूस स्पीकरची पेटी घेऊन पायवाटेने गेला." पावती देऊन मी वही मुद्देमालात जमा केली आणि नंबर तपासला.

व्हॅन आमच्या मंडळाच्या साउंडवाल्याची होती.

तो पुण्याचा. आयटीतला. प्रत्येक कार्यक्रमाचा माइक आणि स्पीकर हौसेने बघायचा. मी त्याला मराठीतूनच बोलतं केलं, कॉफी मागवली.

"यार, मला कशाला बोलावलंस?" तो हसत म्हणाला. "तिन्ही वेळा मी हॉलमध्ये होतो. चारशे लोकांना विचार."

"नाटकाला पूर्ण वेळ होतास?"

"पहिल्या घंटेपासून पडदा पडेपर्यंत."

"मग दुसऱ्या अंकात झालं ते तुझ्यामुळेच निभावलं म्हणायचं."

"काय झालं?"

"माइकचं."

"माझ्या माइकला काही होत नाही," तो जरा चिडूनच म्हणाला. "एकदा सेट केला की तीन तास बघावं लागत नाही. फर्स्ट क्लास चालला होता."

माझी बायको त्या नाटकात सासूचं काम करत होती. दुसऱ्या अंकात सगळे माइक बंद पडले, नटांनी घसा फोडून पंधरा मिनिटं रेटली आणि शेवटी प्रेक्षकांतल्या एका काकूंनी वायर शोधून लावली, हे तिने मला इतक्या वेळा ऐकवलं होतं की मला ते पाठ झालं होतं. हॉलमधल्या प्रत्येक माणसाला ते माहीत होतं. फक्त साउंडवाल्याला नव्हतं.

मी त्याला ते सांगितलं. त्याने कॉफीचा कप दोन्ही हातांनी धरला. मग म्हणाला, "जॉब जाऊन पाच महिने झाले. घरी अजून सांगितलेलं नाही. रोज डबा घेऊन निघतो." त्याच्या गॅरेजमध्ये एका पोकळ केलेल्या स्पीकरमधून जवळजवळ सगळं सोनं मिळालं.

हा तपास मी लावला याचा मला अभिमान आहे, तो लपवत नाही. लॉकरची पद्धत माहीत असणारा आणि नाटकातला माइक माहीत असणारा अधिकारी त्या ठाण्यात मी एकटाच होतो. पण अहवालात मी लिहिलं की निर्णायक पुरावा त्या थेरपिस्टच्या वहीतून मिळाला. आणि पुढच्या परिच्छेदात लिहिलं की मी त्याला दोनदा विनाकारण थांबवलं आणि नोंद केली नाही. सार्जंट म्हणाले, "दुसरा परिच्छेद कोणी मागितलेला नाही." मी तो ठेवला. माझ्या फायलीत लेखी ताकीद लागली आणि त्या वर्षीची बढती गेली.

संस्थेत मी स्वतः पत्र घेऊन गेलो. मंडळाच्या सभेतही बोललो. तिथे फोनवाले काका म्हणाले, "चौकशीच तर केलीस ना? त्याला काय झालं एवढं?" मी म्हणालो, "काका, तुमच्या दारासमोर तुमच्या बॅगेतले कपडे रस्त्यावर मांडले आणि शेजारी पडद्याआडून बघत असले, तर?" सभेनंतर मला बाजूला घेऊन त्यांनी त्या थेरपिस्टचा पत्ता विचारला. तो कामावर परतला त्या शनिवारी, गल्लीत गाडी लागल्याबरोबर, काका हात पुढे करत त्याच्याकडे गेले, असं नंतर आजींनी सांगितलं.

खटला आटोपल्यावर वही परत करायला मी एका शनिवारी त्या चौथ्या घराची बेल वाजवली. आजी सत्तरीच्या, साताऱ्याकडच्या. मुलाकडे आल्या आणि बर्फावर पडल्या. त्यांच्या सुनेने दार उघडलं तेव्हा आतून आवाज येत होता. तो मराठीत मोजत होता, "आठ... नऊ... दहा. अजून एक, आजी."

"अजून एक म्हणतो आणि चार करून घेतो, मेला," आजी हसत म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहिलं. "तूच का तो पोलीस? आमच्या डॉक्टरला अडवलंस. मला येऊन विचारायला काय झालं होतं? तुला तर मराठी येतं!"

मी बूट काढून आत आलो.

"माफी मागितलीस का त्याची? इंग्रजीत माग. त्याला मराठी फक्त दहापर्यंत येतं."

मी वही पुढे केली. त्याने ती घेतली, पानं तपासली, खिशातून पेन काढलं आणि माझ्यासमोर लिहायला लागला. तारीख. वेळ. दाराबाहेर उभ्या माझ्या गाडीचा नंबर. सवयच होती ती. शेवटच्या रकान्याशी त्याचं पेन थांबलं.

"कारण?" त्याने विचारलं.

"तुम्हाला थांबवायला माझ्याकडे कारण नव्हतं," मी म्हणालो. "एकदाही नव्हतं. तुमचा रंग बघून थांबवलं. ते सांगायला आलोय."

त्याने मागची पानं उलटली, माझी पहिली नोंद काढली आणि पेन माझ्या हातात दिलं.

"इथे लिहा."

"सांगितलं नाही" या शब्दांखाली मी लिहिलं, "कारण नव्हतं." खाली सही केली, बिल्ला क्रमांक घातला. पान उलटून दुसऱ्या नोंदीखालीही तेच केलं. त्याने शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली. मग माझ्याशी हात मिळवला. आजींनी विचारलं, "चहा दोघांना टाकायला सांगू ना?"

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी एक सवय पाळली. गाडी थांबवण्याआधी डायरीत कारण लिहायचं. लिहिता आलं नाही, तर थांबवायची नाही. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या शिपायाला मी हे करायला लावलं. सुरुवातीला ते हसायचे. पेन हातात घेऊन गाडीत बसून राहायची वेळ आली की हसणं थांबायचं. समोरची गाडी मग तशीच निघून जायची, आणि आतल्या माणसाला कधी कळायचंही नाही.

निवृत्तीच्या वेळी मिळालेली मानचिन्हं भिंतीवर आहेत. पण नोकरीतल्या ज्या दोन सह्यांचा मला सर्वांत जास्त अभिमान आहे, त्या कोणत्याही सरकारी रजिस्टरात सापडणार नाहीत. त्या एका माणसाच्या वहीत आहेत, आणि त्याने ती जपून ठेवली असणार याची मला खात्री आहे. पुरावा कसा जपायचा, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.