झांजवाल्याची चिठ्ठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी दाढदुखीसुद्धा सविस्तर सांगतो.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे. गणपतीत पाहुणे जमले की फर्माईश ठरलेली, "भाऊ, ती डबलबारीची सांग ना." दोन भजनीबुवा समोरासमोर, आळीपाळीने गाणार आणि गाता गाता एकमेकांना टोमणे मारणार — ती डबलबारी. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, विक्रोळीत नोकरी सांभाळून वीस वर्षं एका बुवांच्या मागे झांज वाजवली.

त्या बुवांची त्यांच्या जुन्या प्रतिस्पर्ध्याशी बारी ठरली, मुलुंडला, रविवारी दुपारी. दोघंही सत्तरी ओलांडलेले. आप्पा कंबरेचं हाड मोडून अंथरुणात. त्यांनी माझ्याकडे चिठ्ठी दिली — 'तुमचा झांजवाला. जमल्यास ती गवळण.' खाली नाव. बुवांच्या हातात द्यायची, बस्स.

मी दिली नाही. का? शेजारी ऑफिसातली दोन माणसं होती — मीच आणलेली, आमची कोकणी कला दाखवायला. त्यांच्यादेखत उठून झांजवाल्याचा मुलगा म्हणून स्टेजपाशी उभं राहायचं... बापाची लाज वाटली. एवढंच ते. चिठ्ठी खिशात घामाने भिजली.

घरी आप्पा उशीला टेकून वाट बघत होते. मी सांगितलं — बुवांनी चिठ्ठी माइकवर वाचली, तुमचं नाव घेतलं, गवळण म्हटली.

"खंयच्या पट्टीत घेतल्यान?"

"काळी चार." जुन्या कॅसेटवर तीच उंच पट्टी होती ना.

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. "ह्या वयात?" मग म्हणाले, "बरा."

खरं काय झालं होतं, सांगू? बुवांनी पट्टी कितीतरी खाली आणली होती, तरी अभंगाच्या चढत्या ओळीवर आवाज फाटला. आता समोरचे बुवा टोमणा मारणार — बारीत तेच करायचं असतं. त्यांनी आपली पेटी पुढे ओढली आणि ती ओळ स्वतः वर नेली. आमचे बुवा खालून धरून राहिले. दोघांनी मिळून अभंग संपवला. जन्मभर एकमेकांना पाण्यात पाहणारी माणसं ही.

हे आप्पांना सांगायचं होतं. पण आवाज फाटला म्हटलं तर माझी काळी चार कुठे राहिली असती?

पुढे आल्यागेल्याला आप्पा सांगायचे, "बुवान माझा नाव घेतल्यान." पट्टी कुणी विचारली तर मात्र, "ता झिलाक इचारा," म्हणून माझ्याकडे बोट दाखवायचे आणि भिंतीकडे वळायचे. कळलं होतं का त्यांना? मी विचारलं नाही.

आप्पा गेले. दर गणपतीत मी ती खोटीच गोष्ट अजून सांगतो, थोडी रंगवून. सगळे हसतात. खरी दुपार ज्याला कळली असती असा आमच्या घरात एकच माणूस होता.

चिठ्ठी कपाटात आहे. शाई पसरलीय. नाव तेवढं वाचता येतं.