पाहुणे आला

आमच्या आईने आयुष्यात एकदाच आपलं मराठी शुद्ध करायला घेतलं, आणि बाबांवर उपाशी राहायची पाळी आली.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही कोराडीच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत राहत होतो. तिथल्याच एका क्वार्टरमध्ये नाटकाचं शूटिंग करायला मुंबईहून टीव्हीवाले आले. कथा इथल्याच एका इंजिनिअरच्या घरची. मोठी कामं करणारे त्यांनी सोबत आणले होते, मोलकरीण मात्र इथलीच हवी होती. आई दरवर्षी गणपतीच्या नाटकात राणी व्हायची, पण टीव्हीसाठी ती मोलकरीण व्हायला तयार झाली. वाक्य एकच होतं: "बाईसाहेब, पाहुणे आले."

टीव्ही म्हटल्यावर भाषा नीट हवी. आपण 'ले' म्हणतो तिथे ते लोक 'ला' म्हणतात, एवढाच काय तो फरक, असं आईने ठरवून टाकलं आणि घरादाराला कामाला लावलं.

"मले भाजी वाढ," बाबा म्हणाले.

"कोणाला?"

"मले."

"मला म्हणा."

"मी माह्याच घरी भाजीसाठी परीक्षा देऊन राहिलो काय?"

भाजी मिळाली नाही. बाबांनी वरणावर भागवलं, पण हट्ट सोडला नाही. गांधीबागेतली मावशी आली, तिचं "काहून वं" आईने दारातच "का गं" असं दुरुस्त केलं. मावशी चहा न घेता रुसून गेली.

शूटिंगच्या दिवशी आई ठेवणीतली साडी नेसून गेली, मागोमाग बाबा आणि मी बघायला. त्यांनी ती बदलायला लावून एक विटकी साडी दिली. दिवे लागले. आई राणीच्या थाटात मान ताठ करून आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाईसाहेब, पाहुणे आला."

आठवडाभर दिसेल त्या 'ले'चा तिने 'ला' केला होता. त्यात हाही बिचारा सापडला.

सगळे हसले. बाबा सगळ्यांत जास्त. दिग्दर्शक तसा भला माणूस होता. म्हणाला, "बाई, तुम्ही तुमच्या बोलीतच बोला ना. आम्हाला तेच हवंय."

आईचा चेहरा उजळला. मग तिने विचारलं, "ह्या बाईसाहेब इथल्याच ना?"

"हो, इथल्याच."

"मग त्या मले-तुले काहून नाही म्हणत?"

"अहो, त्या इंजिनिअरच्या बायको आहेत."

"आमच्या कॉलनीत इंजिनिअरच्या बायका म्हणतेत नं जी."

"मुंबईच्या लोकांना समजणार नाही."

"मग मोलकरणीचं कसं समजन?"

"तिचं नाही समजलं तरी चालतं," तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "लोक हसतात ना."

आईने मान हलवली. दिवे पुन्हा लागले. ती आली आणि म्हणाली, "बाईसाहेब, पाहुणे आले." अगदी स्वच्छ, कुठे बोट ठेवायला जागा नाही. त्याने पुन्हा सांगितलं, तिने पुन्हा तसंच म्हटलं. शेवटी तो कंटाळला.

नाटक टीव्हीवर लागलं तेव्हा सगळी कॉलनी आमच्या बैठकीत जमली होती. रुसवा सोडून मावशीही आली. आई पडद्यावर आली, तिने तोंड उघडलं आणि आतून भलत्याच बाईचा आवाज आला: "काहून गा बाईसाहेब, पाव्हने आले नं!"

बाईमाणसाला 'गा'! आमच्याकडे लेकरूही अशी चूक करत नाही. 'गा' पुरुषाला, बाईला 'वं'. बैठकीत हसू फुटलं, मीही पोट धरून हसले. मग आईकडे लक्ष गेलं आणि मला फार वाईट वाटलं.

"तोंड तं माहंच आहे," ती पडद्याकडे बघत म्हणाली. "बोलून कोण राहिली?"

हसणं हळूहळू थांबलं.

माणसं गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. आईने पोळ्या वाढल्या. बाबा घसा साफ करून आयुष्यात पहिल्यांदा, अगदी जपून म्हणाले, "मला जरा भाजी वाढतेस का?"

आईने पळी भांड्यातच ठेवली.

"कोणाले?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं.

"मले," ते म्हणाले.

मग तिने वाढली.