जड खाली, हलकं वर

घर सोपं करायची एखादी युक्ती कानावर पडली की माझे हात शिवशिवतात. आजच्या आज करून बघायची! तांदळात कडुलिंबाचा पाला, मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे, बोंबील तळल्याचा वास घरात राहिला तर तव्यावर चहाची पावडर भाजायची. लग्न होऊन सरावलीत आले तेव्हापासून माझं हे चालूच आहे. आमचे हे विचारायचे, "आज काय नवीन?" आणि सासूबाई, म्हणजे आमच्या आई, नुसतं नाक मुरडायच्या. घर युक्त्यांनी नाही, वळणाने चालतं, असं त्यांचं म्हणणं. असेना का! मी कुठे ऐकतेय.

आणि मग दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर जमीनच हलायला लागली.

आधी वाटलं, मालगाडी गेली असेल. पण मालगाडी नसतानाही भांडी वाजायला लागली, तेव्हा कळलं की हे धक्के आहेत. उधव्याहून भाजी घेऊन येणारी बाई सांगायची, तिकडे लोक घरात झोपतच नाहीत, अंगणात बाजा टाकतात. आम्ही ऐकायचो, च्च च्च करायचो आणि आपल्या कामाला लागायचो. फेब्रुवारीत एका दुपारी असा धक्का बसला की स्वयंपाकघरातल्या मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवरून पितळेचा हंडा धाडकन खाली आला. आई तिथेच बसून तांदूळ निवडत होत्या, जरा आधीच पाणी प्यायला उठल्या होत्या. हंडा थेट त्यांच्या सुपात!

आई बाहेर पळाल्या आणि अंगणातल्या चिकूखाली जाऊन बसल्या, त्या बसल्याच. जेवण तिथे, चहा तिथे, बाजही तिथेच. घरात पाऊल टाकेनात. वापीला राहणाऱ्या माझ्या दिरांना हे कळलं तसा त्यांचा फोन आला, "रविवारी गाडी घेऊन येतो आणि आईला कायमची इकडे आणतो." आई फोनवर एवढंच म्हणाल्या, "ये."

अहो, आमचं दिवसभर वाजतं हे खरं आहे. सकाळचा पहिला चहा मी त्यांना देते, त्या "पाणचट" म्हणतात, आणि तिथून माझा दिवस सुरू होतो. त्या गेल्या तर मी भांडू कोणाशी? ह्यांच्याशी? हे तर भांडण सुरू व्हायच्या आत पेपर उघडतात! आईंना जाऊ द्यायचं नाही, बस्स, मी ठरवून टाकलं.

त्याच आठवड्यात तालुक्याहून आलेल्या एक बाई शाळेच्या पटांगणात आम्हाला सगळ्यांना सांगत होत्या, घरातलं जड सामान खाली ठेवा, हलकं वर. मी तर उडालेच! एवढी सोपी युक्ती, आणि इतकी वर्षं कोणाला सुचली नाही? घरी आले, पदर खोचला आणि मांडणी उतरवायलाच घेतली. हंडे, कळशा, तपेली, घंगाळ, सगळं पितळ गोण्यांत भरलं. फळ्या पुसून लख्ख केल्या आणि खिडकीतून ओरडले, "आई, बघा तरी! आता डोक्यावर काही पडायचं नाही!"

आईंनी खिडकीतून आत पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. आमच्याकडे मांडणी रिकामी होते ती घर कायमचं सोडून जाताना. एरवी वरची फळी भरलेली आणि पितळ चकाकतं असलं पाहिजे. हे मला काय ठाऊक नव्हतं? पण युक्तीच्या नादात डोक्यातून पार निघून गेलं.

"मी रविवारी जायची," आई म्हणाल्या, "आणि तू आजच माझा संसार गोणीत भरलास?"

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी गोण्या फरफटत अंगणात नेल्या आणि सगळं पितळ चिकूखाली त्यांच्यासमोर ओतलं. "घ्या तुमचा संसार! कुठे ठेवायचा ते तुम्हीच सांगा!"

आईंनी एक कळशी उचलून फिरवून पाहिली. "काय गो ही अवस्था! चिंच आण."

मग काय! दोघी बसलो घासायला. चिंच, राख, नारळाची शेंडी. आई घासता घासता विचारत होत्या, वर काय ठेवणार? म्हटलं, सुपं, टोपल्या, पापडाचे रिकामे डबे. आणि हंडे? भिंतीलगत, खाली. "जमिनीवर नको," त्या म्हणाल्या, "पाटावर मांड." मी आत जाऊन पाट घेतला, तशा त्या उंबऱ्याशी येऊन ओरडल्या, "तो नव्हे गो, तो लंगडा आहे! त्याच्या मागचा! अगं मागचा!" मी मुद्दाम तिसराच उचलला. तशा चिडून तरातरा आत आल्या, पाट स्वतः मांडले आणि मोठ्यापासून लहानापर्यंत पितळ लावून टाकलं. मी भिंतीला टेकून श्वास धरून उभी! काम झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं आपण कुठे उभ्या आहोत ते, तशा झरझर बाहेर गेल्या. पण आल्या होत्या की नाही आत?

त्यानंतर युक्त्या त्यांच्याच तोंडून निघायला लागल्या. चपला दाराकडे तोंड करून ठेवायच्या, म्हणजे पळताना पाय आपोआप शिरतात. खिळ्याला पळ्या आणि झारे टांगायचे, धक्का आला की तेच आधी वाजतात. आधी गॅस बंद करायचा, मग पळायचं. आणि संध्याकाळचं जेवण सगळ्यांनी मिळून अंगणात करायचं. ही शेवटची मला सगळ्यात आवडली, कारण ताट घेऊन ह्यांनाही पेपर सोडून यावं लागायचं! हसत खिदळत जेवायचो आम्ही. आई स्वयंपाकघरात जाऊन यायला लागल्या, पण जाण्याबद्दल काही बोलत नव्हत्या. शनिवारी त्यांनी लुगडी पिशवीत भरली.

रविवारी दीर आले. पिशवी बाहेरच्या ओट्यावर ठेवलेली होती. आत चहा चालला होता आणि पळ्या खणखणल्या! दीर कपबशीसकट अनवाणीच बाहेर, त्यांच्यामागे हे, त्यांच्यामागे मी. मागे वळून बघते तर आई नाहीत! "आई!" मी किंचाळले.

आई आल्या सावकाश, चपला घालून. "दूध उतू गेलं असतं. गॅस कोण बंद करणार, तुमचे देव?"

आत जाऊन पाहिलं, तर सबंध घरात पडलं होतं फक्त एक सूप. हंडे पाटावर जसेच्या तसे! मी टाळ्याच पिटल्या.

दिरांचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता. "चालो, चालो! आई, पिशवी घे. इथे नको आता एक मिनिटही."

आईंनी विचारलं, "तुझं घर कितव्या मजल्यावर रे?"

"चौथ्या. पण लिफ्ट आहे ना."

"ही बया दिवसभर कानाशी ओरडते, जड खाली, हलकं वर," आई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. "आणि तू मला चौथ्या मजल्यावर नेऊन ठेवतोस? मी काय सूप आहे?"

हे इतक्या जोरात हसले की शेजारीण कुंपणाशी आली. मला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. आई आत गेल्या, आतूनच म्हणाल्या, "चहा परत कर. पाणचट नको."

मी ओट्यावरची पिशवी आत नेली. लुगडी काढून त्यांच्या पेटीत ठेवली. पिशवी रिकामी झाल्यावर अगदी हलकी होती, म्हणून वरच्या फळीवर टाकून दिली.