चार्टसोबत गेलेली यादी

शाळा सोडलेल्या मुलींचा अहवाल मला दुपारपर्यंत पाठवायचा होता. एक्सेलमधला चार्ट वर्डमध्ये टाकून घ्यायला मी भवानी पेठेतल्या टायपिंगच्या दुकानात गेलो. तिथली बाई दर वेळी चष्मा कपाळावर सरकवायची आणि चार्ट नुसता चित्र म्हणून चिकटवायची. तीनदा सांगितलं, तीनदा तेच.

"अहो बाई, मला आकडे नंतर बदलायचेत. चार्टच टाका!" मी वैतागून ओरडलो.

तिनं तसा टाकला आणि त्यावर दोनदा क्लिक केलं. चार्टमागची एक्सेलमधली अख्खी यादी उघडली. मुलींची नावं, पुढे कारणं: लग्न, आईचं आजारपण, विडीकाम.

"चार्टसंगं ही बी जाते की, सर. कुणी बी वाचंल."

गेल्या वर्षीचा अहवाल मी स्वतःच तसा सगळ्या शाळांना पाठवला होता.