कॅन्यनमधला समोरचा वारा

नोकरी गेल्याचं मी बाबांना सांगितलं नव्हतं. ते नागपूरहून आमच्याकडे अर्विंगला आले, आणि पाचव्याच दिवशी कंपनीने माझ्या अख्ख्या टीमला काढून टाकलं. माझ्यासारख्या व्हिसावरच्या माणसाला अशा वेळी साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरीकडे जमलं नाही तर गाशा गुंडाळायचा. बायको म्हणत होती, त्यांना सांगून टाक. पण आई जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि बाबा मोठ्या मुश्किलीने यायला तयार झाले होते. मी रोज सकाळी खोलीचं दार लावून लॅपटॉपसमोर बसायचो, अर्ज पाठवायचो आणि जेवायला बाहेर आलो की मीटिंग लांबली म्हणायचो.

ॲरिझोनाची ट्रिप आधीच ठरलेली होती. आजोबांबरोबर राफ्टमधून जाणार, हे नऊ वर्षांच्या आमच्या मुलीने शाळेत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कॅन्सल केली असती तर बाबांना कारण द्यावं लागलं असतं. म्हणून गेलो.

ट्रिप साधीच होती. धरणाच्या खालचं संथ पाणी, दोन्हीकडे लाल कातळाच्या उभ्या भिंती आणि मधून वाहत जाणारी रबरी राफ्ट. लहानांना, म्हाताऱ्यांना, सगळ्यांना झेपेल अशी. राफ्टमध्ये आम्ही चौघं आणि आमची गाइड. ती पन्नाशीची, कमी बोलणारी बाई होती. दोन लांब वल्ही एकटी चालवायची. तिने बाबांच्या लाइफ जॅकेटचे पट्टे ओढून बसवले, तेव्हा बाबा लहान मुलासारखे दोन्ही हात वर करून उभे राहिले.

मुलीने पाण्यात हात घातला आणि झटकन मागे घेतला. वाळवंटातल्या उन्हात पाणी बर्फासारखं गार होतं. गाइड कारण सांगायला लागली, तर मी भाषांतर करण्याआधीच बाबा म्हणाले की पाणी धरणाच्या तळातून सोडत असणार. पाटबंधारे खात्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. पाणी दिवसातून किती वेळा वाढतं, गाळ कुठे अडतो, काठाची वाळू टिकते का. मी मध्ये बसून इकडचं तिकडे करत होतो. गाइडने राफ्ट कातळाजवळ नेऊन सकाळच्या पाण्याची ओली रेघ त्यांना दाखवली. बाबांनी ती बोटाने चाचपून पाहिली. आई गेल्यापासून त्यांना इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं.

जेवायला आम्ही एका वाळूच्या पट्ट्यावर उतरलो. निघताना गाइडने संत्र्याच्या साली आणि आमच्या चिवड्याचे सांडलेले दाणेसुद्धा वेचून घ्यायला लावले. बाबांना ते फार आवडलं.

दुपारी वारा सुटला, तोही थेट समोरून. अरुंद कॅन्यनमध्ये तो इतका जोरात घुसत होता, की राफ्ट प्रवाहात असूनही उलटी मागे सरकायला लागली. गाइडला असं नेहमीचंच असावं. तिने बायकोला आणि मुलीला पुढे खाली वाकून बसायला सांगितलं आणि जास्तीची दोन वल्ही काढली. एक मला दिलं. दुसरं ती बाजूला ठेवणार होती, पण बाबांनी हात पुढे केला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलायच्या आत ते मागच्या कडेला बसलेसुद्धा, माझ्या शेजारी.

आम्ही वल्हवत होतो. वाऱ्याच्या आवाजात पुढच्यांना मागचं काही ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने बाबा पाण्याकडे बघतच म्हणाले,

"किती दिवस राहिले?"

मला वाटलं, ते परत जायच्या तिकिटाबद्दल विचारताहेत.

"तुझ्या नोकरीचं म्हणतोय."

माझा हात थांबला. राफ्टचं तोंड वळलं, तशी मधून गाइड ओरडली. मी पुन्हा वल्हं मारायला लागलो.

"चव्वेचाळीस," मी म्हणालो. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. दाराआडून तुझ्या बोलण्याचा आवाजच येत नाही. मीटिंगला माणूस गप्प बसतो का? आणि साठ दिवसांचं तर पेपरात येतच असतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मी चार वर्षांचा असताना त्यांना निलंबित केलं होतं. कालव्याच्या कामाच्या खोट्या मोजमापावर त्यांनी सही केली नव्हती, म्हणून. अकरा महिने. सुरुवातीला तेही रोज डबा घेऊन निघायचे आणि वाचनालयात जाऊन बसायचे.

"तुझ्या आईला तिसऱ्याच दिवशी कळलं," ते म्हणाले. "चपलांना चिखल नव्हता."

"मग तुम्ही मला आधीच का नाही विचारलंत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो. आता नाही राहवलं."

डोळ्यांत वाऱ्याबरोबर रेती जात होती, ते बरंच झालं. पुढून मुलगी मागे वळून ओरडली, "आजोबा, यू आर सो स्ट्राँग!" बाबांनी मान हलवली आणि वल्हं मारत राहिले. धक्क्याला लागलो तेव्हा त्यांच्या तळहातावर फोड आले होते. गाइडने स्वतः पट्टी बांधली.

परत आल्यावर मी खोलीचं दार लावणं सोडलं. बाबा अकराच्या सुमारास चहा आणून ठेवायचे आणि काही न विचारता जायचे. एकदा इंटरव्ह्यू फार वाईट झाला, तेव्हा मात्र तासभर माझ्याबरोबर बाहेर चालले. बावन्नाव्या दिवशी दूर दुसऱ्या राज्यातल्या नोव्हायच्या एका कंपनीचा होकार आला आणि साठ पूर्ण व्हायच्या आत व्हिसाची कागदपत्रं गेली. अर्विंगचं घर आवरताना स्वयंपाकघराची सगळी खोकी बाबांनी भरली. प्रत्येक खोक्यावर त्यांनी आत काय आहे ते मराठीत लिहिलं होतं. हलवायला आलेली माणसं ती वाचता न आल्यामुळे दर खेपेला त्यांनाच विचारत होती, आणि ते बोट दाखवून सांगत होते.