रिकामी खाच

मी रागीट आहे. रागात मला कमी दिसतं आणि ऐकू तर अजिबात येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात कॉम्प्युटरचा दोष थोडा आणि माझा जास्त होता.

तुर्भ्याच्या कंपनीनं आमचा ड्रॉइंग विभाग बंद केला, त्याला पाच महिने झाले होते. कोपरखैरण्याच्या घरात बाबा आणि मी, दोघंच. पाच महिन्यांत एकच बोलावणं आलं. घरी बसून इमारतींचे नकाशे करायचे, पगार महिन्याचा, पण आधी परीक्षा. शुक्रवारी सकाळी दहाला फाइल येणार आणि दुपारी चारच्या आत ती पुरी करून परत पाठवायची. सरावाची फाइल बुधवारी आली आणि माझ्या जुन्या असेंबल्ड कॉम्प्युटरवर ती उघडेचना. चार जीबी रॅम. स्क्रीनवर चकरी फिरत राहिली.

नवा कॉम्प्युटर घेणं शक्यच नव्हतं. त्यात यंदा मेमरीचे भाव असे चढलेले, की दुकानदार आकडा सांगताना स्वतःच ओशाळायचे. मग ठरवलं, आहे त्या रॅमला जुन्या बाजारातली जोड द्यायची. पण जोड जुळणारी हवी. एका पिढीची रॅम दुसऱ्या पिढीच्या बोर्डात बसतच नाही. म्हणून रॅमची जुनी पट्टी नमुन्याला न्यावी, या विचारानं मी कॅबिनेटचं झाकण उघडलं.

आत हळदकुंकू.

"बाबा!"

बाबा तुर्भ्यातच एका कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. खंडेनवमीला त्यांच्या खात्यात यंत्रांची झाकणं काढून पूजा व्हायची. निवृत्त झाल्यावर घरात मिक्सर, शिलाई मशीन आणि माझा कॉम्प्युटर, एवढीच यंत्रं त्यांना उरली होती.

"मशीनची पूजा आतनं करायची असती," ते म्हणाले. "झाकण काय काम करतंय व्हय?"

"विजेची वस्तू आहे ती! काही झालं असतं म्हणजे?" मी फडक्यानं पुसत होते आणि तोंडाचा पट्टा चालूच होता.

गुरुवारी वाशीतल्या एका रिपेअरिंगच्या दुकानात जोड मिळाली. "ताई, डीडीआर थ्री हाय ही. नवीन आता कोन ठेवत नाय. माल चालू हाय, पन रिटर्न नाय घेनार." मी चष्मा लावून दोन्ही पट्ट्यांवरचे आकडे तीनतीनदा जुळवले. लाइट बिलाचे पैसे त्याच्या हातावर ठेवले.

घरी आल्यावर जुनी पट्टी पहिल्या स्लॉटमध्ये खट्टकन बसली. नवी शेजारच्या रिकाम्या स्लॉटमध्ये घातली, तर तिचं एक टोक वरच राहिलं. अंगठ्याला वळ पडेपर्यंत दाबली. बटण दाबल्यावर तीन बीप आणि काळी स्क्रीन. नवी काढली की मशीन चालू, लावली की तीन बीप. पहिल्या स्लॉटमध्ये नवी एकटी लावून बघावी, हे मला सुचलंसुद्धा नाही. घाबरलेल्या माणसाला सोपं काही सुचत नाही.

शुक्रवारी दहाला फाइल आली. दुकान अकराला उघडलं. दुकानदारानं पट्टी त्याच्या मशीनला लावली आणि ती मुकाट्यानं चालू झाली.

"मग तुमचा स्लॉट गेला, ताई. बोर्ड चेंज करायला लागेल."

त्या जुन्या बोर्डाचं आता काहीच मिळत नाही. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळंच बदलायचं. परतताना मी रिक्षात रडले. रिक्षावाल्यानं हळूच आरसा वर फिरवला.

घरी पोचले तेव्हा साडेबारा झाले होते. "संपलं, बाबा. नोकरी गेली हातातनं."

ते चष्मा आणि टॉर्च घेऊन आले. "बघू दे जरा."

"तुम्ही काय बघणार त्यात?"

तरी ते वाकले. बराच वेळ वाकून राहिले. मग अगदी लहान आवाजात म्हणाले, "पोरी, ह्या खाचंत तांदूळ हाय."

ओल्या कुंकवानं चिकटलेला अक्षतेचा दाणा होता तो. फडकं फिरवताना मी स्लॉटमध्ये बघितलंच नव्हतं. मी ओरडण्यात गुंतले होते.

"दोन खाचा होत्या," बाबा म्हणाले. "एक भरल्याली, एक रिकामी. खंडेनवमीला तुझी नोकरी नुकतीच गेल्याली. म्हटलं, रिकामं ऱ्हाऊ नये."

त्यांचे हात थरथरतात, म्हणून दात कोरायच्या काडीनं मीच दाणा काढला. पट्टी दोन्ही टोकांनी खट्टकन बसली. मशीन सुरू झालं आणि आठ जीबीचा आकडा दिसला. एक वाजला होता. सहा तासांचं काम, हातात तीन तास.

मधे त्यांनी चहा आणून ठेवला. मान वर न करता मी म्हणाले, "तुमच्या एका दाण्यानं माझे तीन तास खाल्ले." ते वाक्य मी अजून परत घेऊ शकलेले नाही. चार वाजता होतं तेवढं पाठवलं. तीन मजल्यांपैकी दोन झाले होते. सोमवारी उत्तर आलं: काम चांगलं आहे, पण अपूर्ण काम धरता येत नाही.

आता मी सुटी कामं घेते, त्याच आठ जीबीवर. कशीबशी घडी बसली आहे.

परवा खंडेनवमी झाली. बाबांनी मिक्सरला, शिलाई मशीनला कुंकू लावलं आणि कॉम्प्युटरच्या झाकणावर एक बोट टेकवून पुढं निघाले. मी घाईघाईनं झाकणाचे स्क्रू काढले. मशीन आडवं घातलं.

"बाबा, आतून करा ना."

त्यांनी ताटातल्या अक्षता चिमटीत धरल्या, आत बघितलं, आणि परत ताटात टाकल्या.

"नको बाय," ते म्हणाले. "झाकणालाच पुरे."